मींड आणि विद्युत् गिटार : जॉर्ज हॅरिसनच्या वादनाचा एक विचार

पाश्चात्त्य रॉक संगीतावर हिंदुस्थानी संगीताचा प्रभाव पडला, असे विधान आपल्याकडील लेखनात वारंवार आढळते. आणि त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा एकच पुरावा पुढे केला जातो, तो म्हणजे बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाने आपल्या गीतांत सतार वाजविली हा. पुरावा खरा आहे, परंतु दुर्बळ आहे. परक्या वाद्याचा ध्वनी एखाद्या संगीतात ऐकू येणे ही एक गोष्ट, आणि त्या वाद्यामागील संगीतविचार वादकाच्या हातात उतरणे ही अगदी वेगळी गोष्ट होय. मराठी रंगभूमीवर ऑर्गन आला आणि चांगला रुळला. तेवढ्यावरून नाट्यसंगीत युरोपीय झाले असे कोणी म्हणत नाही. याच न्यायाने बीटल्समधील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) याच्या वादनाचा विचार केला, तर त्याच्यावरील हिंदुस्थानी संस्काराचा भक्कम पुरावा त्याच्या सतारीत नसून, सतार सोडल्यानंतर त्याने वाजविलेल्या गिटारीत आहे असे दिसून येईल. हा संस्कार घडण्याच्या दोन महत्त्वाच्या घटना मुंबईत घडल्या, हे आपल्या दृष्टीने विशेष होय.

हॅरिसनचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील तेथील बससेवेत नोकरीस होते. घरात संगीताची परंपरा म्हणावी अशी नव्हती. साडेतीन पौंडांना घेतलेली एक साधी गिटार हेच त्याचे पहिले वाद्य. १९५८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो लेनन आणि मॅकार्टनी यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. १९६० मध्ये हे सर्वजण हॅम्बुर्ग येथील मद्यगृहांत रात्र रात्र वाजवीत असत. त्या वर्षाच्या अखेरीस, वय अठरा पूर्ण नसल्याचे उघडकीस आल्यामुळे, जर्मन अधिकाऱ्यांनी हॅरिसनला परत पाठविले. मात्र सलग अनेक तास वाजविण्याची ती तालीम त्याच्या हाताला कायमची उपयोगी पडली.

त्याच्या वाद्यांविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण वाद्याच्या घडणीवरच पुढील विवेचन अवलंबून आहे. १९५१ ते १९५९ या काळात ब्रिटनमध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी होती. त्यामुळे चांगली अमेरिकन गिटार ही त्या पिढीला दुकानात न मिळणारी, ऐकूनच माहीत असलेली वस्तू होती. १९६१ मध्ये हॅरिसनने 'ग्रेच ड्युओ जेट' ही काळी गिटार जुन्या वापराची अशी पंचाहत्तर पौंडांना घेतली. १९६४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे त्याला 'रिकनबॅकर' कंपनीची बारा तारांची विद्युत् गिटार मिळाली. तीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वराची व दुसरी एक सप्तक वरची. त्यामुळे एका आघातात घंटेसारखा भरघोस नाद उठतो, आणि १९६४–६५ मधील बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांना जो एक विशिष्ट झळाळ आहे तो पुष्कळसा याच वाद्याचा होय. १९६५ च्या आरंभी त्याच्या हाती 'फेंडर स्ट्रॅटोकास्टर' ही फिकट निळ्या रंगाची गिटार आली. दोन वर्षांनी त्याने ती स्वतःच्या हाताने नाना भडक रंगांत रंगविली. डोक्याच्या भागाला लावलेला चमकी रंग पत्नीच्या नखरंगाच्या बाटलीतला होता. या गिटारीकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे. ध्वनिवर्धक सुरुवातीस ब्रिटिश बनावटीचा, 'व्हॉक्स' कंपनीचा असे.

विद्युत् गिटारीत पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ध्वनिवर्धक तो मोठा करतो. म्हणजे नादनिर्मितीचे जे काम सतारीत भोपळा व तबली करतात ते येथे यंत्र करते. याचा एक परिणाम संगीतदृष्ट्या फार महत्त्वाचा आहे. साध्या लाकडी गिटारीचा स्वर आघातानंतर झपाट्याने विरतो. विद्युत् गिटारीच्या स्वराला आस असते. आणि जेथे आस नाही तेथे मींड नाही, कारण स्वर एका स्थानाहून दुसऱ्या स्थानाकडे जात असताना तो ऐकू येत राहिला पाहिजे.

तरीही आरंभीच्या हॅरिसनच्या वादनात मींड जवळजवळ नाही. चेट ॲटकिन्स, कार्ल पर्किन्स इत्यादी अमेरिकन वादक हे त्याचे आदर्श. त्याचे एकल तुकडे आखीव, आधी बसवून घेतलेले आणि नीटस असत. प्रत्येक स्वर पडद्यावर स्वतंत्र उभा राहिलेला. हे वैगुण्य म्हणता येणार नाही, पण आपल्या कानाला ते वादन काहीसे हार्मोनियमच्या जातीचे वाटते. याचे एक कारण वाद्यातच होते. तारेची लांबी व जाडी तीच ठेवली तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. षड्जावरून पंचमापर्यंत मींड घ्यावयाची तर कंपनसंख्या दीडपट, म्हणजे ताण सव्वादोनपट करावा लागतो. षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंत जाण्यास सव्वापटीहून किंचित अधिक ताण पुरतो. सतारीची दांडी रुंद, तार लांब आणि पडदे कमानीसारखे उंच असल्यामुळे बाजाची तार पडद्यावरून बाजूला ओढून चारपाच स्वरांची मींड घेता येते. गिटारीची दांडी अरुंद, आणि त्या काळी ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या तारा जाड; तिसरी तारदेखील बहुधा वर दुसरी तार गुंडाळलेली असे. एक स्वर ओढला तरी बोट दुखावे अशी स्थिती.

१९६५ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणप्रसंगी हॅरिसनने सतार प्रथम पाहिली. मग लंडनमधील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील हिंदी हस्तव्यवसायाच्या दुकानातून त्याने एक सतार विकत घेतली व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'नॉर्वेजियन वुड' या गीतात ती वाजविली. हे वादन चिकित्सकपणे ऐकावे. गीताची चाल जशी गिटारीवर वाजली असती तशीच ती सतारीवर वाजली आहे; जवारीचा व तरफांचा नाद आहे, मींड नाही. जगभर गाजलेला हा प्रसंग म्हणजे सतारीच्या रूपात गिटारच होय. पुढे १९६६ च्या एप्रिलमधील 'लव्ह यू टू' या गीतात काफीच्या जवळची स्वरावली आणि तबल्याची साथ आली; तबला अनिल भागवत यांचा होता व ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. १९६७ च्या 'विदिन यू विदाउट यू' मध्ये दिलरुबा वाजविणाऱ्यांत अण्णा जोशी हे नाव आढळते. ही नावे मराठी वळणाची आहेत. आडनावावरून अधिक काही सिद्ध करू नये, पण वाचून बरे वाटते एवढे खरे. या दुसऱ्या गीतात प्रथमच एक खरी अडचण उद्भवली. दिलरुब्याच्या गजातून निघणारा स्वर सरकत सरकत जातो. त्याच्या जोडीने लंडनच्या व्हायोलिनवादकांनी तसेच सरकावे अशी अपेक्षा होती. कागदावरील स्वर अचूक वाजविण्यात मुरलेल्या त्या वादकांना ते सहज साधले नाही. संयोजक जॉर्ज मार्टिन यांना त्यासाठी पुष्कळ मेहनत करावी लागली.

अडचण लिपीची आहे, आणि ती केवळ युरोपची नाही. आयुष्याच्या उत्तरकाळात ज्यांनी आपल्या नाशिकच्या पंचवटीत आश्रम स्थापिला, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वरलिपी सिद्ध करून संगीतशिक्षणात क्रांती घडविली. परंतु कोणत्याही स्वरलिपीत स्वराचे स्थान जितके नेमके लिहिता येते तितका दोन स्वरांमधला मार्ग लिहिता येत नाही. तेथे खूण करता येते, एवढेच. तो मार्ग गुरूसमोर बसूनच शिकावा लागतो.

हॅरिसन तसा बसला. १९६६ च्या जूनमध्ये लंडन येथे त्याची रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि सप्टेंबरात तो पत्नीसह मुंबईस आला. खोट्या नावाने ताजमहाल हॉटेलात उतरूनही तो ओळखला गेला. चाहत्यांची गर्दी लोटली, वार्ताहर परिषद घ्यावी लागली. पुढील शिक्षण काही काळ काश्मीरमध्ये झाले. रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनीही त्याला शिकविले. मांडी घालून तासन् तास बसणे हीच युरोपीय शरीराला पहिली शिक्षा. त्यानंतर सारेगमचे पलटे, दा-रा चे बोल आणि तार ओढण्याचा सराव. सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात कोणी सतारिया होत नाही. पण स्वर ओढून नेमक्या ठिकाणी नेणे हे काम बोटाचे नसून कानाचे आहे, ही जाणीव होण्यास तेवढा काळ पुरेसा असतो.

दुसरी घटना जानेवारी १९६८ मधील. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी हॅरिसन मुंबईस आला व फोर्ट विभागात, सर फिरोजशहा मेहता मार्गावरील एचएमव्हीच्या स्टुडिओत ९ ते १३ जानेवारी या दिवसांत त्याने ध्वनिमुद्रण केले. तेथे एकमार्गी यंत्रच होते. म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी दुमार्गी यंत्र कलकत्त्याहून आणविले. भिंती पुरेशा नादरोधक नसल्यामुळे संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत येई व काम थांबवावे लागे. जेथे आपल्या थोर कलावंतांच्या कित्येक ध्वनिमुद्रिका तयार झाल्या त्या स्टुडिओची ही अवस्था होती, हेही जाता जाता नोंदवून ठेवावे.

येथे जमलेल्या वादकांची यादी अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावी. आशिष खाँ सरोदवर, चंद्रशेखर नारिंग्रेकर सुरबहारवर, विनायक व्होरा तारशहनाईवर, शरद कुमार व हनुमान जाधव शहनाईवर, केंकरे बासरीवर, शिवकुमार शर्मा संतूरवर, महापुरुष मिश्र तबल्यावर. रिजराम देसाद यांच्याकडे ढोलक, हार्मोनियम इत्यादी वाद्ये. याच वेळी मुद्रित झालेल्या व पुढे 'दि इनर लाइट' या गीतासाठी वापरलेल्या संगीतात हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. हॅरिसन स्वतः येथे प्रामुख्याने संयोजक होता, म्हणजे ऐकणारा होता. त्याच्यासमोर एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे बसली होती. सुरबहारवर तार आडवी ओढून दीर्घ मींड निघते. सरोदला पडदेच नाहीत. गुळगुळीत पोलादी पट्टीवर नखाच्या कडेने तार दाबून बोट सरकवितात, ती घसीट. तारशहनाईत गजामुळे स्वर अखंड राहतो. फुंकीच्या वाद्यांत ओठ व बोटे अर्धवट उघडून स्वर वळतो. आणि संतूर हे तर मींड मुळीच न निघणारे वाद्य. शिवकुमारांवर त्याबद्दल टीका झाली होती आणि कलम तारांवर अलगद घासत नेऊन अखंडतेचा आभास निर्माण करण्याची युक्ती त्यांनी शोधून काढली होती. याच शिवकुमार व हरिप्रसाद यांच्यासह ब्रिजभूषण काबरा यांनी त्या सुमारास 'कॉल ऑफ द व्हॅली' ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका केली, हे येथे आठवते. काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी दांडी सरकवीत व त्यातून रागसंगीत काढीत. तेव्हा गिटारीवर मींड कशी घ्यावी हा प्रश्न मुंबईत सुटलेलाच होता.

हॅरिसनने मात्र तो आणखी दोन वर्षांनी, आपल्या रीतीने सोडविला. मधल्या काळात, १९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत रविशंकर यांच्या सहवासात असताना, उत्तम सतारिया होण्यासाठी आपण फार उशिरा सुरुवात केली हे त्याने ओळखले आणि सतार बाजूला ठेवली. हा निर्णय प्रामाणिक होता. पण पंचाईत अशी की या दोन वर्षांत त्याचा गिटारीचा सराव मागे पडला होता आणि इतर वादक पुढे निघून गेले होते. एरिक क्लॅप्टनसारखे वादक बारीक तारा लावून स्वर ओढीत, विव्हळ करीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात हॅरिसनने स्वतःच्या एका गीतातील मुख्य गिटारवादन क्लॅप्टनकडे सोपविले. सतार सुटलेली व गिटार परकी झालेली, अशा या वादकाला स्वतःचे म्हणून काय उरले होते?

१९६९ च्या डिसेंबरात एका अमेरिकन वृंदाबरोबर दौऱ्यावर असताना डिलेनी ब्रॅम्लेट याने त्याला स्लाइड वाजविण्यास सांगितले. स्लाइड म्हणजे बोटात घालावयाची काचेची वा धातूची नळी. ती तारेवर नुसती टेकवून सरकवावयाची, तार पडद्यावर दाबावयाची नाही. पडदे तसेच राहतात, पण त्यांचे राज्य संपते. तार ओढून स्वर फक्त चढविता येतो, उतरती मींड हवी तर आधी ओढून मग सैल सोडावी लागते. नळी दोन्ही दिशांना सारखीच मोकळी. समसाधित सप्तकाचे बंधनही गळून पडते, कारण गंधार किंचित उतरा ठेवावयाचा की चढा हे आता कान ठरवितो. अर्थात् बेसूर होण्याची मुभाही तितकीच. रंगविलेली ती स्ट्रॅटोकास्टर पुढे त्याने मुख्यतः याच कामासाठी, खुल्या तारांवर कॉर्ड मिळेल अशी लावून ठेवली.

१९७० च्या 'माय स्वीट लॉर्ड' मधील स्लाइडवादन ऐकल्यास ही शैली पूर्ण सिद्ध झालेली दिसते. नळीचे हे तंत्र अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आलेले. तेथे तिचा उपयोग खरखरीत, आर्त उद्गारासाठी, गायकाच्या ओळीला उत्तर देण्यासाठी होतो. हॅरिसनचा स्वर स्वच्छ आहे. तो एकच सुरावट संथपणे खालून वर नेतो, मुक्कामाच्या स्वरावर जरा उशिराच पोहोचतो, आणि पोहोचल्यावर त्या स्वराला अरुंद आंदोलन देतो. मग त्याच सुरावटीवर दुसरी गिटार वरच्या स्वरांत तंतोतंत तशीच सरकत जाते. ही दुसरी गोष्ट अर्थातच आपली नव्हे. दोन सुरावटी समांतर चालविणे हा युरोपचा वारसा, आणि तो त्याने सोडला नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. त्या सुमारास स्लाइड वाजविणारे पुष्कळ होते; हवाई बेटांची गिटार, अमेरिकन पेडल-स्टील हे प्रकारही हॅरिसनच्या कानावर होते; पेडल-स्टीलवादक पीट ड्रेक तर १९७० च्या त्याच संग्रहात वाजविण्यास आला होता. मग हे वळण हिंदुस्थानी कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि तंत्र मुंबईहून आले असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणेही नाही. तंत्र अमेरिकन, त्या तंत्राकडून काय करून घ्यावयाचे याची कल्पना मात्र आधी तयार होती. सायमन लेंग या चरित्रकारानेही हॅरिसनच्या स्लाइडवादनाचा संबंध त्याच्या सतारीच्या शिक्षणाशी जोडला आहे. १९७४ मध्ये रविशंकर यांच्या वृंदाचे ध्वनिमुद्रण हॅरिसनने इंग्लंडमधील आपल्या घरी केले, तेव्हा त्या वृंदात गोपाल कृष्ण यांची विचित्र वीणा होती. पडदे नसलेल्या तारांवर काचेचा गोटा सरकवून ती वाजवितात. काचेची नळी वापरणाऱ्या यजमानाला ती पाहून काय वाटले असेल याची कल्पना करावी.

'माय स्वीट लॉर्ड' च्या चालीवरून वाङ्मयचौर्याचा खटला झाला, आणि १९७६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने, नेणिवेतून का होईना, जुन्या गीताची चाल उचलली गेली असा निर्णय दिला. न्यायमूर्तींनी तपासले ते दोन स्वरसमूह. आपल्या पद्धतीने लिहावयाचे तर एक 'प ग रे' आणि दुसरा 'प ध सा ध सा'. दोन्ही गीतांत हे क्रम आहेत, याबद्दल वाद नव्हता. कायद्याने तेवढेच पाहणे योग्यच. पण ज्या गोष्टीमुळे ते गीत दोन स्वरांतच हॅरिसनचे म्हणून ओळखू येते ती त्या स्वरसमूहांत नाही, त्यांच्यामधल्या वाटेत आहे.

हॅरिसनचे निधन २९ नोव्हेंबर २००१ रोजी झाले. त्याच्या अपुऱ्या ध्वनिमुद्रणांना पुत्र धनी व सहकारी जेफ लिन यांनी पूर्णरूप दिले आणि तो संग्रह २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'मारवा ब्लूज' नावाची एक शब्दविरहित रचना आहे. २००४ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. रागनियमांच्या कसोटीवर हा मारवा नव्हे. खाली कॉर्ड वाजत आहेत आणि पंचम वर्ज्य करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विद्यार्थ्यांनी ती ऐकताना कोमल ऋषभ शोधीत बसू नये. षड्जाला टाळत, त्याच्या आजूबाजूला रेंगाळत राहण्याचा मारव्याचा जो स्वभाव, तो त्या स्लाइडच्या चालीत कितपत उतरला आहे हे तपासावे. आणि त्यासाठी ती स्वरलिपीत उतरविण्याचा खटाटोप न करता प्रथम गळ्यावर म्हणून पाहावी.